तेलाचा हात

बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावायच्या आधी आजी दगड पदराने पुसायची. मग तेलात कालवलेला शेंदूर तीन बोटांनी फासायची. बोटांना उरलेला शेजारच्या बाभळीला. मंत्र नाही, घंटा नाही.

पूजा हा शब्द आला कुठून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी द्राविडी 'पू' दाखवतात, म्हणजे फूल. कोणी 'पूसु', म्हणजे माखणं. आजीची बोटं पाहिल्यापासून मला माखणंच खरं वाटतं.

नेवासे तालुक्यात तेल जागोजाग भेटतं. शिंगणापूरची शनीची शिळा उघड्यावर उभी. वर छप्पर नाही, अंगभर तेल. आणि प्रवरेकाठचा पैस खांब, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी १२९० साली गीता मराठीत सांगितली असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानतो. त्या खांबावर लेख कोरलाय, तो अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. ज्ञानदेव मात्र फुलाकडे वळले: आपल्या वाट्याचं काम हेच फूल, तेच देवाला वाहा, असं अठराव्या अध्यायात सांगून गेले.

ज्या हाताचा शेंदूर बांधावर चालतो, त्या हाताचं तेल शनीच्या चौथऱ्यावर का चालू नये? शिंगणापूरला बायकांना चौथऱ्यावर चढायची बंदी होती; ती उठायला २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला. माखणं हाच ज्या शब्दाचा जीव, त्याच्या नावाने हात अडवले गेले.

याच जिल्ह्यात, नगरला, १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांच्या 'वर्शिप'च्या मुळाशी आहे मोल, योग्यता. नगरच्या चर्चमध्ये आज दर रविवारी होते ती उपासना. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणं. मोल लांबूनही करता येतं. जवळ बसायचं तर कोणीतरी सरकून जागा द्यावी लागते.

भक्ती 'भज्'मधली: वाटणं, वाट्याला येणं. ताटातला भातही त्याच घरचा. संस्कृत 'भक्त', म्हणजे वाढलेला वाटा, झिजत झिजत भात झाला.

म्हसोबाचा दहीभात आजी तिथेच बांधावर वाटायची. पहिला घास दगडापुढे, दुसरा सालगड्याला, मग मला. दगडापुढच्या घासाला मुंग्या लागत. मी हाकलायला गेलो की ती माझा हात धरायची. "खाऊ दे त्यांना," म्हणायची.