माप तर बरोबर आहे

टेबल सॉ तुम्ही पाहिला नसेल, पण त्याचा आवाज नक्की ऐकला असेल. शेजारच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम निघालं की दुपारची झोप मोडते ती बहुतेक त्याच्यामुळेच. सपाट टेबल, फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि पात्याच्या बाजूला हवी तिथे सरकवून पक्की करायची एक लांब, सरळ पट्टी. तिला फेन्स म्हणतात. मी जिथे जातो तिथले मिस्त्री तिला 'गाईड' म्हणतात. प्लायची कड गाईडला टेकवायची आणि पुढे ढकलत न्यायचं. गाईड आणि पातं यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्या रुंदीचा तुकडा निघतो.

आता प्रश्न असा. गाईड पात्याला समांतर नसेल, मागच्या टोकाला पात्याकडे मिलिमीटरभर झुकलेली असेल, तर काय होईल? बहुतेक जण सांगतात, तुकडा तिरका निघेल. तसं होत नाही. तुकडा गाईडला चिकटून सरकतो आणि त्याला कापतात ते पात्याचे पुढचे दात. त्या दातांपासून गाईडपर्यंतचं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहतं. त्यामुळे टेप लावा, दोन्ही टोकांना माप बरोबर.

बिघडतं ते मागे. कापलेला तुकडा पुढे सरकतो तसा गाईड आणि पात्याचा मागचा भाग यांच्यात आवळला जातो. पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, पण मागचे दात टेबलातून वर येत असतात. ते तुकड्याला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी 190 किलोमीटरच्या आसपास धावत असते. तुकडा पोटात बसतो, किंवा त्याच्या ओढीने हात पात्यावर जातो. याला किकबॅक म्हणतात.

मला यातली एकच गोष्ट महिनोन् महिने छळत होती. ही चूक मालात उतरत नाही. गिऱ्हाईकाला कपाट मिळतं ते मापात. कडेला जळल्याचा काळा डाग राहतो, पण त्यावर लिपिंगची पट्टी चिकटली की तोही गायब. चुकीची पूर्ण किंमत यंत्रापाशी उभा असलेला माणूस भरतो, आणि त्याचं बिल कुठेच फाटत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. शनिवारी पुण्याबाहेरच्या एका शेडमध्ये, मालकांच्या ओळखीने, लाकूडकाम शिकायला जातो. तिथल्या सॉची गाईड जुन्या पद्धतीची होती, पुढे आणि मागे दोन्हीकडे पकडणारी. अशी गाईड पक्की करताना मागचं टोक पुढच्याबरोबर येतंच असं नाही. कधी आत राहतं, कधी बाहेर. तिथल्या मिस्त्रीकाकांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. खटका अर्धा दाबायचा, मागच्या टोकाला तळहाताने एक थाप मारायची, कानाने अंदाज घ्यायचा, मग खटका पूर्ण दाबायचा. काम चालू असताना पात्याचा सूर चढला की ढकलायचा जोर कमी करायचा. "मशीनची ओळख लागते," ते म्हणायचे. बावीस वर्षांत त्यांची दहाही बोटं शाबूत होती.

मग ज्या चुकीची सवय झाली आहे, ती चूक राहते का?

मिस्त्रीकाकांच्या बाजूने बरंच बोलता येईल. घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल आणि ते मला ठाऊक असेल, तर मी वेळेवरच पोचतो. पण ती गाईड तशा घड्याळासारखी नव्हती. तिची चूक दर वेळी नवी होती. शिवाय घड्याळाची गोष्ट घरात एका वाक्यात सांगता येते. थाप किती जोरात, सूर नेमका कुठला, हे सांगता येत नाही. ते एकाच माणसाच्या हातात राहतं.

माझ्या ऑफिसातही अशा थापा आहेत. एका फाइलमध्ये कुणीतरी लिहून ठेवलंय: इथे आकड्यातून एक वजा करा, का ते विचारू नका. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेला. तिथे थाप चुकली तर रात्री दोनला फोन येतो, एवढंच.

शेडमध्ये एकोणीस वर्षांचा एक हेल्पर आला. मिस्त्रीकाका गावी गेले होते तेव्हा त्याने गाईड लावली, पुढून टेपने माप घेतलं, बरोबर आलं. तुकडा त्याच्या कमरेजवळून गेला आणि मागच्या पत्र्याला पोचा पाडून खाली पडला. पात्यामागे एक उभी पट्टी असते, लाकूड मागच्या दातांवर जाऊ नये म्हणून. ती पहिल्याच महिन्यात अडचण होते म्हणून काढून कपाटावर ठेवलेली होती. पोराला सगळे म्हणाले, लक्ष कुठे होतं? लक्ष मापावर होतं, जिथे ठेवायला त्याला शिकवलं होतं तिथेच.

आपल्याकडे जुगाडाचं भारी कौतुक. मलाही आहे, जोवर जुगाड करणारा आणि त्याखाली सापडणारा एकच माणूस असतो तोवर.

नवीन गाईड आम्ही शेडमध्येच बनवली. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये विल्यम बिसमायर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस टी-स्क्वेअरच्या धर्तीवरची गाईड आणली. ड्रॉइंग बोर्डवरच्या टी-स्क्वेअरसारखंच तिचं डोकं रुंद असतं आणि ती फक्त पुढच्या बाजूला पकडते. मागचं टोक मोकळं, त्यामुळे ओढाताणच नाही. डोक्यातले दोन स्क्रू फिरवून काटकोन एकदा जमवला की दर वेळी ती तशीच बसते. आम्हाला लागले दोन चौकोनी पाइप, एक जाड अँगल, वेल्डिंग आणि दोन दिवस. मालकांना पाइपांपेक्षा ते दोन दिवस जास्त महाग पडले.

जुळवताना टेबलातल्या खोबणीपासून सुरुवात केली. आधी पातं खोबणीला समांतर, मग गाईड खोबणीला समांतर. खोबणीलाच प्रमाण का मानायचं? ती ओतीव लोखंडात कोरलेली आहे, हलवता येत नाही म्हणून. एवढंच कारण. मागच्या बाजूला वहीचा कागद जाईल इतकी फट आम्ही मुद्दाम जास्त ठेवली. यावर जाणकारांत मतभेद आहेत. कपाटावरची पट्टीही झटकून पुन्हा बसवली.

आता पोरगं एकटं सॉ चालवतं. टेप लावत नाही, पाइपवरच्या स्केलवर डोळे झाकून विश्वास ठेवतं, हे मला फारसं आवडत नाही.

मिस्त्रीकाकांनी गाईड सरकवून पाहिली, खटका दाबला, मागचं टोक हलवून पाहिलं. हललं नाही. "चांगली झाली," म्हणाले. मग चहा पिताना, पोरगं बाहेर गेल्यावर, मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला विचारतो. आता ह्या मशीनवर कुणीही चालेल ना?"

मी हो म्हणालो. त्यांची हजेरी पोराच्या अडीचपट आहे. त्यातला किती भाग त्या थापेचा होता, ते मालकांनाही माहीत आहे. गाईड बदलायला मीच त्यांच्या मागे लागलो होतो, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा लागेन. पण त्या चहाच्या वेळी मी मालकांशी काय बोलायला हवं होतं, हे मी अजून ठरवतो आहे. दिवाळीनंतर हजेरीचे दर नव्याने ठरतात. त्याला सहा आठवडे आहेत.