थोड्या मुक्कामात नगर पाहणे : एक तात्त्विक विचार

रोमसारखे नगर तीन दिवसांत पाहून झाले, असे म्हणता येते काय? सहल आखणाऱ्याला हा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन जुने प्रश्न आहेत. पहिला ज्ञानाविषयीचा : भाग पाहिला म्हणजे पूर्ण वस्तू पाहिली असे होते काय? दुसरा धर्माविषयीचा : थोड्या वेळात आणि थोड्या बळावर केलेली यात्रा पुरी मानावी काय?

या दोन्ही प्रश्नांचे खानदेशातल्या अमळनेरशी जवळचे नाते आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. जी. आर. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारख्या अभ्यासकांनी येथे वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ येथे संचालक होते आणि ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा त्यांचा ग्रंथ या संस्थेनेच १९३० मध्ये प्रसिद्ध केला. साने गुरुजीही शिक्षक होण्यापूर्वी या संस्थेत अभ्यासासाठी राहिले होते. याच गावात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे. दर वैशाखात तेथे यात्रा भरते. शुद्ध एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. ज्ञान कसे होते याची चर्चा आणि यात्रा कशी करावी याची रीत, दोन्ही या गावाने शंभर वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी सांभाळली आहेत.

पहिला प्रश्न न्यायदर्शनाने फार बारकाईने हाताळला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत पूर्वपक्षी असा आक्षेप घेतो की, झाड पाहताना डोळ्यांना त्याची समोरची बाजूच दिसते. मागची बाजू, आतला गाभा, मुळे यांपैकी काहीच दिसत नाही. मग ‘झाड दिसले’ हे प्रत्यक्ष ज्ञान नसून एका भागावरून केलेले अनुमान आहे. नैयायिकांचे उत्तर असे की, झाड ही अवयवांची नुसती बेरीज नाही. अवयवांत राहणारी, पण त्यांच्याहून वेगळी अशी ‘अवयवी’ नावाची एक वस्तू तेथे असते. ती प्रत्येक अवयवात असल्यामुळे समोरच्या भागाशी डोळ्यांचा संबंध आला की तिचाही येतो. बौद्ध विचारवंतांना हे मान्य नव्हते. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचा दाखला देतो : चाके, आस, दांडी यांच्या पलीकडे ‘रथ’ म्हणून वेगळे काही सापडत नाही, रथ हे त्या सर्वांना दिलेले व्यवहारापुरते नाव आहे.

नगराच्या बाबतीत हा वाद अधिक अवघड होतो, कारण अवयवी मानणारे नैयायिकही सैन्य आणि अरण्य यांना अवयवी मानत नाहीत. दुरून सैन्य एक दिसते, जवळ गेल्यावर माणसे, घोडे आणि हत्ती वेगळे होतात. अरण्याचेही तसेच. नगर जर अरण्यासारखे असेल, तर चार इमारती पाहणाऱ्याने चार इमारतीच पाहिल्या. नगर पाहिले हा केवळ बोलण्याचा प्रकार झाला. नगर जर झाडासारखे असेल, तर एका भागाच्या दर्शनातही ते खऱ्या अर्थाने भेटू शकते. थोड्या मुक्कामाचे मोल यावरून ठरते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीर्थयात्रेच्या परंपरेने शास्त्रातही दिले आहे आणि रीतीतही. काशीची पंचक्रोशी सुमारे ८० किलोमीटरची असून ती पाच दिवसांत पायी करण्याची पद्धत आहे. ज्याला ती झेपत नाही त्याच्यासाठी एका दिवसाची पंचतीर्थी आहे : अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका, याच क्रमाने. पंचतीर्थी म्हणजे कापून लहान केलेली पंचक्रोशी नव्हे. तिला स्वतःचा आरंभ, क्रम आणि शेवट आहे, म्हणून ती आपल्या जागी पूर्ण आहे. मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. विश्वेश्वराचे लिंग जागेवर नसेल तरी त्या स्थानाला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा, असा निर्वाळा त्यात आहे. पाहण्याची वस्तू हाती लागली नाही तरी यात्रा फुकट जात नाही, असा त्याचा आशय.

पंढरपुरात हीच गोष्ट दर आषाढीला दिसते. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहावे लागते आणि विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकायला मिळते ते क्षणभरच. ज्याला तेवढा वेळ नाही तो मुखदर्शन घेतो. तेही न साधले तर कळसाला हात जोडून वारकरी परत फिरतो, आणि त्याची वारी चुकली असे कोणी म्हणत नाही. अमळनेरच्या यात्रेला आसपासच्या खेड्यांतून सकाळी येऊन रात्री परतणाऱ्याची यात्राही पुरीच मानली जाते. गावात तो किती तास होता, हे कोणी मोजत नाही.

युरोपातही असा विचार झाला आहे. पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० मध्ये रोमचे पहिले जयंतीवर्ष जाहीर केले. संत पीटर आणि संत पॉल यांच्या महामंदिरांना रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस भेट द्यावी, बाहेरून येणाऱ्यांनी पंधरा दिवस, असा नियम केला. परक्याला कमी दिवस आणि फळ मात्र तेच. वाटेचे कष्ट त्याच्या बाजूने धरले गेले. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी सात चर्चची पायी यात्रा रूढ केली. ती सुमारे वीस किलोमीटरची आहे.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. तीर्थयात्रेत श्रद्धा असते, तिचे फळ शास्त्राने सांगितलेले असते. पर्यटकाला यांपैकी काहीच लागू नाही, मग एकाचे नियम दुसऱ्याला कसे लावावेत? याचे उत्तर असे की, फळाचा दावा पर्यटकाने करू नये, पण पद्धत घ्यायला हरकत नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचे फळ कोणाला मिळते हे सांगताना हात, पाय आणि मन ताब्यात असलेल्या माणसाचे वर्णन येते. स्कंदपुराणाच्या काशीखंडात सत्य, क्षमा आणि इंद्रियनिग्रह यांनाच मानस तीर्थे म्हटले आहे. म्हणजे शास्त्रानेच यात्रेचा भार स्थळावरून जाणाऱ्याच्या वृत्तीवर ठेवला. ही वृत्ती कोणत्याही प्रवासात ठेवता येते.

या पद्धतीचे पहिले अंग संकल्प. खानदेशातून युरोपला जाणारे कुटुंब बहुधा मुंबई-पुण्याच्या सहल कंपनीबरोबर जाते किंवा स्वतः व्हिसा काढते. शेंगेन देशांच्या अल्प मुक्कामाच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. ही कागदपत्रे जमवताना ‘काय काय पाहायचे’ याची यादी वाढत जाते. संकल्पाचे काम उलटे आहे. तो यादी लहान करतो आणि जे राहणार त्याचा स्वीकार निघण्यापूर्वीच करून टाकतो. काय सोडायचे हे आधी ठरले नसेल, तर सुटलेली प्रत्येक जागा वाटेत मनाला टोचत राहते.

दुसरे अंग क्रम. रोमचे तीन दिवस तीन भागांना देता येतात. एक दिवस प्राचीन नगराला : कलोसियम, पॅलाटाइन टेकडी आणि रोमन फोरम लागून आहेत, कलोसियमचे नेहमीचे तिकीट तिन्हींना चालते आणि आत जाण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. एक दिवस व्हॅटिकनला : तेथील संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद असतात, आणि चर्चमध्ये जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. एक दिवस पँथिऑन, नव्होना चौक आणि ट्रेव्ही कारंजे यांच्या गल्ल्यांतून पायी हिंडायला. पंचतीर्थीप्रमाणे येथेही क्रमामुळे एक जागा दुसरीचा अर्थ उलगडते.

तिसरे अंग निवड, आणि येथे अवयवीचा प्रश्न परत येतो. कलोसियमपासून थोड्याच अंतरावर सान क्लेमेंते नावाचे चर्च आहे. रस्त्याच्या पातळीवर बाराव्या शतकाची वास्तू लागते. वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर क्रूस आहे आणि त्याच्या भोवती वेलींची वळणे पसरली आहेत. तिकीट काढून जिना उतरले की चौथ्या शतकाचे चर्च येते, भिंतींवर फिकट झालेली चित्रे दिसतात. जोसेफ मुलुली या आयरिश धर्मगुरूंनी १८५७ मध्ये ते उजेडात आणले. आणखी खाली उतरले की पहिल्या शतकातल्या विटांच्या भिंती लागतात, आणि तेथे मिथ्र देवाचे पूजास्थान आहे : ठेंगण्या कमानीची खोली, दोन्ही बाजूंना दगडी बाक, मध्ये बैलाचा वध करणाऱ्या मिथ्राची कोरीव वेदी. भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत असतो.

अरण्यातली झाडे एकमेकांशेजारी उभी असतात, त्यांतले एक काढले तरी दुसरे पडत नाही. सान क्लेमेंतेत वरचा काळ खालच्या काळावर उभा आहे. नगराचे भाग असे एकमेकांना आधार देत असतील, तर नगर निव्वळ समूह उरत नाही. त्याला अवयवीपण येते. म्हणून थोडे दिवस असणाऱ्याने जास्त जागांपेक्षा जोड दिसतील अशा जागा निवडाव्यात. तेथे घालवलेला एक तास घाईत पाहिलेल्या दहा ठिकाणांहून नगराच्या अधिक जवळ नेतो.

चौथे अंग परतल्यावरच्या बोलण्याचे आहे. अद्वैत वेदान्त ज्ञानाची सहा प्रमाणे मानतो, त्यांत अनुपलब्धी हे सहावे. एखादी वस्तू नाही हे तिच्या न दिसण्यावरून कळते, पण अट अशी की ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. तीन दिवस राहिलेला पाहुणा ‘मी हे पाहिले’ असे पूर्ण अधिकाराने सांगू शकतो. ‘तिथे आपुलकी नाही’, ‘तिथे धर्म उरला नाही’ असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही, कारण लोकांच्या घरात आणि मनात डोकावण्याइतका उजेड त्याला मिळालेलाच नसतो. याचीच दुसरी बाजू अध्यासाची. शंकराचार्यांच्या विवेचनात आधी पाहिलेल्याची आठवण समोरच्या वस्तूवर आरोपित होते. निघण्यापूर्वी छायाचित्रे आणि चित्रफिती भरपूर पाहिलेल्याच्या बाबतीत हा धोका मोठा असतो : तो कलोसियमपुढे उभा राहतो आणि ओळखीचे चित्रच पाहून परततो. त्यामुळे तयारीत इतिहास वाचावा, चित्रे कमी पाहावीत.

मूळ प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. तीन दिवसांत रोमचे सगळे भाग पाहून होत नाहीत, आणि रोममध्ये जन्म घालवलेल्यालाही ते साधत नाही. पण संकल्प आधी केला, क्रम राखला, जोड दाखवणाऱ्या जागा निवडल्या आणि न पाहिलेल्याविषयी मौन पाळले, तर ‘रोम पाहिले’ हे विधान खोटे ठरत नाही. मुक्कामाची लांबी नशिबावर आणि पैशावर ठरते. या चार गोष्टी मात्र जाणाऱ्याच्या हातात असतात.