कापलेलं दावं

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. नेवासे तालुक्यातलं आमचं गाव, आणि कालव्याचं पाणी अजून आमच्या शिवारात आलेलं नव्हतं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि जनावरं बांधलेल्या जागी दिवसभर उभी असायची.

अशाच एका दुपारी नानांचा बैल बांधावरच्या बाभळीखाली पडला. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचा आणि आमचा त्याच बांधावरून कोर्टात दावा चालू होता. सकाळी बैलाला सावलीत बांधून नाना कामावर गेले होते. सूर्य वर आला तशी सावली सरकली. बैल सावलीमागे फिरत राहिला, दावं खोडाला गुंडाळत गेलं, पाय अडकला आणि तो मानेवर पडला. डोळे पांढरे झालेले, तोंडाला फेस.

दोघंतिघं लांब उभे होते. त्यातला एक वडिलांना म्हणाला, "अण्णा, हात लावू नका. भांडण हाय तुमचं. बैल मेला तर तुमच्या नावावर फाटंल."

वडिलांनी विळा घेतला आणि दावं कापलं.

पुढचं मला जास्त आठवतं. बैल उठला, तरी वडील घरी आले नाहीत. हंड्यात होतं तेवढं पाणी मला आणायला लावलं, बैलाला पाजलं आणि संध्याकाळपर्यंत बाभळीखाली बसून राहिले. दिवेलागणीला दाव्याचे दोन्ही तुकडे हातात घेऊन नानांच्या दारात गेले. "दावं म्या कापलं. बैल बरा हाय. नवं वळून देतो." नाना वाट्टेल ते बोलले. मुद्दाम सोडला, पळवायचा होता, असंही म्हणाले. वडील काही बोलले नाहीत. चार दिवसांनी घरातल्या जुन्या अंबाडीच्या वाखाचं नवं दावं वळून त्यांनी नानांच्या ओट्यावर ठेवलं. कोर्टातला दावा पुढे अकरा वर्षं चालला.

ही आठवण एरवी मनाच्या तळाशी पडून राहिली असती. ती वर आली तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर.

घोडेगावहून शिंगणापूरकडे वळलं की दोन्ही बाजूंना रसवंत्या लागतात. पाचटाचं छप्पर, खाली लाकडी घाणा आणि घाण्याला जुंपलेला बैल. सोनईला एक लग्न उरकून मी आणि आमची मंडळी परत निघालो होतो. दुपारचा एक वाजला होता. रस प्यायला थांबलो. रसवंतीशेजारच्या मोकळ्या जागेत भाविकांच्या गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका पांढऱ्या गाडीभोवती सात-आठ माणसं जमली होती.

आत कुत्रं होतं. परदेशी जातीचं, पिवळसर केसांचं, चांगलं पोसलेलं. दोन्हीकडच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या. ते मागच्या सीटवर आडवं पडून धापा टाकत होतं. तोंडातून चिकट लाळ लोंबत होती आणि जीभ गडद लाल झाली होती.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. मी ३४ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून सरकारी नोकरी केली. त्या गर्दीत आत काय चाललंय हे नेमकं कळणारा मी एकटाच होतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची सगळी मदार धापेवर. त्याच्या अंगाची उष्णता एरवी ३८ ते ३९ अंश असते. ४१ च्या वर गेली की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. उन्हातल्या बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी तापते आणि अर्ध्या तासात जवळपास १९ अंशांनी. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. तापलेल्याच हवेत धाप टाकून काय उपयोग?

हे सगळं मला माहीत होतं. आणि मी उभा होतो.

अगदीच काही केलं नाही असं नाही. दारं ओढून पाहिली, बंद होती. पुढच्या काचेवर फोन नंबर आहे का पाहिलं, नव्हता. एका पोराला मोटारसायकलवर देवस्थानाकडे पिटाळलं, गाडीचा नंबर भोंग्यावर पुकारायला सांगितलं. हे सगळं बरोबरच होतं. पण त्यानंतर काय करायचं, तिथे माझी गाडी अडली. मनात हिशोब सुरू झाला. गाडी कुणाची? मोठा माणूस असला तर? काच केवढ्याची? पोलीस काय म्हणतील? पेन्शनर माणसाने कशाला लचांड मागे लावून घ्यावं? माझ्या आजूबाजूला दोन-तीन मोबाइल वर झाले होते. ती पोरं चित्रण करत होती. मी त्यांना मनात नावं ठेवली, पण ती काय आणि मी काय, बघणारेच.

तेवढ्यात कुत्र्याची धाप मंदावली. न कळणाऱ्याला वाटावं, शांत झालं. मला कळलं की ते संपत आलंय.

"आवं दादा, बघत काय बसलाय?" मागून आवाज आला. रसवंतीवाली मावशी. हातात ऊस तोडायचा कोयता. तिने सगळ्यांना मागे सारलं, कुत्र्याच्या डोक्यापासून लांबची मागची काच निवडली आणि कोयत्याच्या बोथट पाठीने कोपऱ्यावर दणका दिला. दुसऱ्या दणक्याला काचेचे बारीक खडे झाले. आत हात घालून तिने दार उघडलं.

मग मात्र माझे हात चालायला लागले. कुत्र्याला छपराखाली आणलं. कुणीतरी रसाच्या बर्फाची लादी आणली, ती मी परत पाठवली. एकदम बर्फ लावला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं आणि वारा घालायचा. आमची मंडळी पदराने वारा घालत होती. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने मान उचलली.

मालक आले ते साधारण त्याच वेळी. बरोबर बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी कुत्र्याला मिठी मारून रडायला लागली आणि गृहस्थ फुटलेल्या काचेकडे बघून ओरडायला लागले. "कुणी फोडली? दहा मिनिटांसाठी गेलो होतो, रांग लांबली. विचारायची काही पद्धत आहे की नाही?"

गर्दी कापरासारखी उडाली. मावशी उभी होती. ते तिच्यावर धावले, "आणि तुमचा बैल भर उन्हात फिरतोय, तो चालतो का?"

प्रश्न खोटा नव्हता. मावशी घाण्याकडे वळून म्हणाली, "बैल दमला तर हुबा ऱ्हातो, दादा. म्या समोर बसलीये, मला दिसतं. तुमचं कुत्रं दमलं तर कुनाला दिसनार व्हतं?"

मला आपल्या गाडीकडे जाता आलं असतं. खरं सांगायचं तर दोन पावलं टाकलीही होती. तेवढ्यात दाव्याचे दोन तुकडे हातात घेऊन नानांच्या दारात उभे असलेले वडील आठवले. मी माघारी फिरलो आणि म्हणालो, "काच आम्ही दोघांनी फोडली. मी जनावरांच्या दवाखान्यात होतो. अजून दहा मिनिटं गेली असती तर ते वाचलं नसतं. काचेचं काय होईल ते माझ्याकडून घ्या. हा माझा नंबर."

ते अजून काहीबाही बोलले. शेवटी मुलीच्या आईने त्यांना गप्प केलं. कुत्र्याला आजच्या आज डॉक्टरला दाखवा, आतला त्रास उशिरा कळतो, एवढं मी तिला सांगितलं. फोन काही आला नाही. कुत्र्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तेव्हापासून हा प्रश्न मी मनात घोळवतोय. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आमच्या भागात भूतदयेच्या गोष्टींना तोटा नाही. गोदावरीकाठी खाली पैठणला एकनाथ महाराज झाले. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नाथांनी रिती केली ती स्वतःच्या खांद्यावरची कावड. आपलं देऊन दया करणं अवघड असलं तरी सरळ आहे. दुसऱ्याची काच फोडून दया करणं सरळ नाही. उद्या कुणीही उठेल, कारण सांगेल आणि कुणाच्याही गाडीवर दगड घालेल. दगड मारायची हौस असलेली माणसं दयाळू माणसांपेक्षा कमी नसतात.

कायदाही पुरता सोबत करत नाही. जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून आपल्याकडे १९६० चा कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. काच त्याच्या कित्येक पट महाग! मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता केलेलं छोटं नुकसान गुन्हा ठरत नाही, असं जुन्या दंडसंहितेच्या ८१ व्या कलमात होतं. नव्या न्याय संहितेत ते १९ वं कलम आहे. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०१५ मध्ये गाडीतल्या जनावरासाठी काच फोडणाऱ्याला थेट संरक्षण दिलं. पण त्यालाही अटी आहेत: आधी दार बंद आहे का बघा, पोलिसांना कळवा, गरजेपुरतीच ताकद वापरा आणि मदत येईपर्यंत जनावरापाशी थांबा.

ते वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या अण्णांनी टेनेसीचं नाव ऐकलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत बाभळीखाली ते थांबलेच होते की.

दुसरा आक्षेप आमच्या गावातलाच. पारावर ही हकिकत सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, "ऊसतोडीची माणसं उन्हात मरत्यात, त्यांचं काही नाही, आन् तुम्हाला शेटच्या कुत्र्याचं पडलंय." मी गप्प बसलो, कारण त्यात सत्य आहे. आपल्याकडेही कोंबड्या सायकलला उलट्या टांगून नेतात आणि बाजाराला जाणाऱ्या पिकअपमध्ये जनावरं कोंबून भरतात. मी नोकरीत ते बघितलंय आणि पुष्कळदा नजर वळवलीय. पण माणसाची दया म्हणजे रांजणातलं पाणी नव्हे, एका तांब्याने कमी व्हायला. ती विहिरीसारखी आहे. उपसा बंद पडला की झरे बुजतात. त्या दिवशी कुत्र्याला सोडून आलो असतो, तर त्यामुळे ऊसतोडीच्या माणसासाठी मी काही जास्त केलं असतं, असं मला वाटत नाही.

आणि नगर जिल्ह्याला हे नवं थोडंच आहे? आमच्या विहिरींत बिबटे पडतात. शेळ्या आणि कुत्री खाणारा बिबट्या, तरी लोक दोराने खाट खाली सोडतात आणि वनखात्याला बोलावतात. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला असाच एक बिबट्या विहिरीतून काढला. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. संशोधकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. तो आपला आहे का, विहीर कुणाची आहे, असल्या चौकशीसाठी विहिरीत पडलेला जीव तंगवून ठेवायचा नसतो.

माझं मत आता असं झालंय. मालकाला शोधा, हाका मारा, दार ओढून बघा, गाडीतला एसी चालू आहे का बघा. पण किती वेळ थांबायचं हे आपल्या घड्याळावर ठरवू नका, आतल्या जिवाकडे बघून ठरवा. त्याचा वेळ संपत आला असेल तर काच फोडा. आणि फोडल्यावर पळू नका. नाव सांगा, पैसे द्यायची तयारी ठेवा, शिव्या ऐका. पळून जाणारा आणि दगड मारणारा, यांच्यात बघणाऱ्याला फरक दिसत नाही. तो फरक थांबल्यानेच दिसतो.

नानांचा मुलगा परवा भेटला. त्यांचं जुनं घर पाडलं, तेव्हा माळ्यावर सापडलं म्हणून एक दावं घेऊन आला होता. अंबाडीचं, हाताने वळलेलं, कधीच न वापरलेलं. "आबांनी कशाला जपून ठेवलं व्हतं काय म्हाईत," म्हणाला.

मी ते ओळखलं, पण त्याला काही सांगितलं नाही. दावं घरात आणून खुंटीला अडकवलंय.