असू दे

मराठीत 'असू दे' हा फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. जी वस्तू वापरायची नाही, दुरुस्त करायची नाही, कोणाला द्यायची नाही आणि टाकवतही नाही, तिच्यापुढे क्षणभर उभे राहून आपण 'असू दे' म्हणतो आणि एक मोठा निर्णय घेतल्याच्या समाधानाने दुसऱ्या कामाला लागतो. दिवाळीच्या साफसफाईत हा शब्द घरोघर ऐकू येतो. माळ्यावरून हाताचे शिवणयंत्र खाली येते, पुसले जाते आणि 'असू दे' म्हणून पुन्हा वर जाते. खरखरणारा रेडिओ, एका दांडीचा चष्मा, आजोबांची काठी, सगळ्यांना आणखी एका वर्षाचे अभयदान मिळते. यात कोणाचे काही बिघडत नाही. वस्तू लहान असतात आणि माळा मोठा असतो.

वस्तू मोठी असली, म्हणजे मात्र 'असू दे'चा अर्थ जरा तपासून पाहावा लागतो. माझ्या एका स्नेह्यांच्या गोठ्यात अशी एक मोठी वस्तू पंधरा वर्षे उभी होती. स्नेह्यांना आपण अण्णा म्हणू. फलटणकडच्या कोरड्या मुलखात त्यांचे घर आहे. त्यांच्या वडिलांनी १९८४ साली नंबर लावून, वाट पाहून, प्रीमियर पद्मिनी घेतली होती. गाडी मूळची इटलीच्या फियाट कंपनीची, अकराशेच्या घराण्यातली. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोक तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. २००८ साली वडील गेले आणि गाडी गोठ्यात गेली. तिच्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर कडब्याच्या पेंढ्या आल्या. कोणी विकत मागितली, की अण्णा म्हणत, "असू दे. बाबांची आठवण आहे."

हे ऐकणाऱ्याला अण्णांचे कौतुक वाटे. एक आई तेवढ्या कौतुक करीत नसत. २०२३च्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो असता त्या अण्णांना म्हणाल्या, "अरे, माणूस गेला तर आपण रात्र उलटू देत नाही. हिला पंधरा वर्षे झाली. एक तर चालव, नाही तर उचल."

मला हे बोलणे फार नीतिमान वाटले. 'असू दे'ला आपण प्रेम म्हणतो, पण पुष्कळदा तो निर्णय टाळण्याचा एक सभ्य मार्ग असतो. वस्तूला आपण मरू देत नाही आणि जगूही देत नाही. आणि तिच्याकडे रोज बघायचे काम घरातल्या दुसऱ्याच कोणावर तरी पडते.

गाडी उचलायची नाही, चालवायची, असे ठरले. मिस्त्री आले. उभी राहिलेली गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर झिजते, हे मला त्या दिवशी कळले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पीत राहते आणि आतून गंज चढून चाके जागच्या जागी धरली जातात. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक होतो. रबर दगडासारखे होते. उंदरांना वायरी आवडतात. हे सारे झालेच होते, पण पत्रा मात्र कोरड्या हवेने शाबूत ठेवला होता. दुखणे होते इंजिनात. मिस्त्रींनी प्लग काढून भोकांतून तेल सोडले, आठ दिवस मुरू दिले, मग हँडल मारून पाहिले; ते तसूभर हलले नाही. खोलले तेव्हा दिसले, की सिलिंडर खोलवर गंजले आहेत आणि ब्लॉकला चीर आहे. "हे गेलं," मिस्त्री म्हणाले. वैद्य नाडी सोडतो तसा त्यांनी पाना खाली ठेवला.

मग सुट्या भागांचा शोध सुरू झाला. शाळेला सुट्टी असल्यामुळे मी अण्णांबरोबर हिंडलो. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि नाना पेठेत ब्रेकचे रबर, क्लचप्लेट, पंपाचा पडदा, असा रोजच्या झिजेचा माल मिळाला. या गाडीने मुंबईत टॅक्सी म्हणून इतकी वर्षे काढली, की तो अजून कुठे ना कुठे असतोच. जे झिजत नाही तेच मिळेना. पुढच्या खिडकीची तिकोनी काच, तिची कडी, डॅशबोर्डवरचे एक बटण. जे कधी मोडणार नाही असे सर्वांना वाटले होते, ते कोणी जादा बनवून ठेवलेच नव्हते.

शेवटी कुर्ला. ज्या कुर्ल्याला या गाड्या जन्मल्या, त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारात त्या तुटतात. कारखाना केव्हाच बंद झाला, त्याच्या जागी इमारती उभ्या आहेत, रस्त्याला तेवढे प्रीमियरचे नाव राहिले आहे. भंगारवाल्यांच्या गाळ्यांत दारे दारांवर, चाके चाकांवर रचलेली. एका दाराला आतून देवीचे चित्र चिकटवलेले तसेच होते. तिकोनी काच तिथे मिळाली. ती ज्या टॅक्सीची होती, तिच्यासंबंधी कायदा मोठा सरळ आहे. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून २०२३च्या त्याच दिवसाबरोबर त्या साऱ्या रस्त्यावरून गेल्या. वीस वर्षांत एखाद्या टॅक्सीवाल्याने इंजिन, दारे, गाद्या सारे बदलले असेल. तरी टॅक्सी वीस वर्षांचीच. उलट २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. त्यांत गाडीने आपले मूळ रूप राखले असेल तरच तिला 'व्हिंटेज' म्हणून मान. म्हणजे एकीकडे तुम्ही कितीही बदला, तुम्ही जुनेच. आणि दुसरीकडे फार बदललात तर तुम्ही जुने नाहीच. पेन्शनरांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

परतताना गाडीत (एस.टी.च्या, अर्थात) माझ्या डोक्यात हाच प्रश्न घोळत होता. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानाशी माझी ओळख वाचनालयातून झालेली. पण हा प्रश्न मोठमोठ्यांना पडून गेला आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे गलबत पिढ्यान्‌पिढ्या जपले, कुजेल ती फळी बदलीत गेले, आणि तेच गलबत की दुसरे, यावर पंडित भांडत राहिले, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात आणखी एक खोच घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे गलबत जोडले, तर खरे कुठले? आपल्याकडे तर प्रश्न वाहनावरच निघाला होता. मिलिंद राजा नागसेन भिक्षूंना भेटायला रथातून आला. नागसेनांनी विचारले, रथ म्हणजे दांडी का? आस का? चाके का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले, की या सगळ्यांवर मिळून ठेवलेले 'रथ' हे एक नाव आहे, त्यापलीकडे वेगळा रथ नाही.

हे पटण्यासारखे आहे. मात्र नागसेनांचे एक बरे होते. वाद संपल्यावर मिलिंदाला त्याच रथात बसून घरी जायचे होते. कोणी त्याचा आस मागितला नव्हता.

आमच्यावर मागण्याची वेळ आली. इंजिन मिळाले ते कुर्ल्याला नव्हे, रत्नागिरीजवळच्या एका गावी, निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडे. त्यांचीही पद्मिनी, सालही जवळजवळ तेच. फरक एवढाच, की गुरुजींनी आपली गाडी कधी 'असू दे' म्हणून सोडली नव्हती. दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते ती सुरू करीत, दहा मिनिटे चालू ठेवीत, बंद करीत. पाणी बघत, तेल बघत. एवढे करूनही समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला होता. पायाखालची जमीन इतकी गेली होती, की आत बसल्यावर खालची जांभ्याची चिरेबंदी दिसे. या गाडीला वेगळा सांगाडा नसतो, अंग हाच तिचा सांगाडा. अंग गेले की सारे गेले. इंजिन मात्र सुताच्या कातणीसारखे चाले.

आता काय करावे? ज्याने सेवा केली त्याची गाडी तोडायची आणि जो विसरला त्याची चालवायची, असा तो व्यवहार होता. दोघांचाही जीव गुंतलेला. शिवाय कागदोपत्रीही एकीलाच जगता येणार होते. गाडीची ओळख म्हणजे पत्र्यावर ठोकलेला क्रमांक. इंजिन बदलले तर त्याची नोंद करून घेता येते, पण तो पत्रा गेला की ती गाडी नाहीशी झाली. म्हणजे गुरुजींच्या गाडीचे नाव सरकारी वहीतून कमी होणार आणि अण्णांच्या वडिलांच्या गाडीचे राहणार.

मिस्त्रींना यात प्रश्न दिसत नव्हता. चांगले इंजिन खराब अंगात ठेवणे हेच त्यांना पाप वाटे. त्यांच्या म्हणण्यात बळ होते, हे मी नाकारीत नाही. वस्तू ज्या कामासाठी झाली ते काम तिच्याकडून होणे हा तिचा पहिला हक्क, असे मानले तर गुरुजींनी इंजिन द्यायला हवे होते. परंतु 'द्यायला हवे' आणि 'मागायला हवे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो गरजेने मागतो त्याला समोरच्याचे कर्तव्य फार स्वच्छ दिसते. अण्णांनी कर्तव्याची भाषा केली नाही, हे त्यांचे मोठेपण. ते नुसते म्हणाले, "गुरुजी, माझी गाडी मी सांभाळली नाही. तुम्ही सांभाळलीत. नको म्हणालात तर मी चहा घेऊन जाईन."

चहा झाला. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आई आहेत ना तुमच्या? त्या बसणार आहेत का गाडीत?"

"हो."

"मग न्या. मोतीबिंदूचे दोन्ही डोळे झाले माझे, मुलगा गाडी चालवू देत नाही. मी दर रविवारी सुरू करतो ती कुठे जाण्यासाठी नाही. त्याला फिरायची सवय राहावी म्हणून. फिरू दे त्याला."

पैशांची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी भंगाराचा भाव सांगितला. अण्णा जास्त देऊ लागले. गुरुजी म्हणाले, "इंजिनाचे वजन होते. रविवारचे कसे करणार?" अट एकच घातली: गाडी वापरात नसेल त्या आठवड्यात रविवारी दहा मिनिटे.

मी तेव्हापासून या माणसाचा विचार करतो आहे. सेवेमुळे वस्तूवर आपला हक्क वाढतो, असे आपण सहज धरून चालतो. 'मी एवढे केले' हे वाक्य घरांतून, संस्थांतून, आमच्या शाळांतूनही किती ऐकू येते. तीस वर्षे एकाच वर्गाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला शिक्षक त्या वर्गाला आपला म्हणतो, आणि मग तिथे दुसऱ्याने खडू उचललेला त्याला खपत नाही. गुरुजींनी इतके रविवार घालवून उलटे केले होते. सेवेमुळे त्यांना इंजिनाची गरज कळली होती, आणि ती त्यांनी आपल्या हक्काच्या पुढे ठेवली. अण्णांना पंधरा वर्षांत गाडीची गरज कळली नव्हती, कारण त्यांचा सारा वेळ आठवण सांभाळण्यात गेला होता. हे मी अण्णांना तोंडावर सांगितले आहे. त्यांना राग आला नाही, वहिनी मात्र म्हणाल्या, "आठवण फुकट सांभाळली जात होती हो. आता एवढ्या पैशांत माझे स्वयंपाकघर नवे झाले असते." त्यांचेही खोटे नाही. सारा हिशेब केला तर त्या रकमेत एक बरी जुनी चालती गाडी दारात आली असती. हा खर्च योग्य होता का, याचे उत्तर मी वहिनींच्या घरात बसून देणार नाही.

रंग काढायचा प्रसंग आला तेव्हा मिस्त्रींना गाडी लालभडक करायची होती. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हटला, की काळ्या दगडाच्या देवळालाही तैलरंग फासतात, तोच उत्साह. अण्णांनी वडिलांचा राखाडीच धरून ठेवला. डाव्या दारावरचा एक खळगा ठोकून सरळ करायचा राहून गेला, असे ते सांगतात. वडिलांनी तो फाटकाला घासून पाडला होता.

डिसेंबरात गाडी पासिंगला नेली. विलंबाचा दंड भरला, पर्यावरण कर भरला, इंजिनाच्या बदलाचे कागद झाले. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवली आणि पेन्सिल घासून छाप उठवला. नव्या काचा, नवे रबर, दुसऱ्याचे इंजिन, यांतल्या कशाकडे त्याने फारसे पाहिले नाही, आकडे जुळले. नोंदणी पाच वर्षांनी वाढली.

घरी आल्यावर आईंना मागे बसवून गावाबाहेरच्या देवळापर्यंत नेले. जाताना त्या काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर हात ठेवून त्यांनी विचारले, "किती वर्षे दिली म्हणालास?"

"पाच."

"बरं आहे बाई हिचं," आई म्हणाल्या, "जरा सावकाश ने."