रिकाम्या खोगिराचं शिक्षण

अमेरिकेतल्या रोडिओमध्ये, म्हणजे गुराख्यांच्या कसबांच्या स्पर्धांत, 'काफ रोपिंग' पाहताना सगळ्यांची नजर फास टाकणाऱ्या स्वारावर खिळते. मला मात्र स्वार उतरल्यानंतरचे ते काही क्षण विलक्षण वाटतात. भरधाव पळणाऱ्या वासराच्या गळ्यात फास पडतो, घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन जागीच रुततो, स्वार उडी टाकून दोराच्या कडेने धावत जातो, वासराला आडवं करून त्याचे तीन पाय बांधतो. तेवढा वेळ दोराचं दुसरं टोक खोगिराच्या खुंट्याला बांधलेलं असतं आणि खोगीर रिकामं असतं. दोर ताठ ठेवायचा, पण वासरू फरफटणार नाही इतकाच. किती पावलं मागे सरायचं हे घोड्यालाच ठरवावं लागतं.

ही गरज कुरणातली. 'स्क्रूवर्म' नावाची माशी जनावरांच्या जखमांत अंडी घालते. नवजात वासराची ओली नाळही तिला पुरते. अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. टेक्सासच्या अफाट कुरणांत एकट्या फिरणाऱ्या गुराख्याला असं वासरू धरून जखम साफ करायची, औषध लावायचं, तर दोर धरायला दुसरं माणूस नसे. ते काम घोड्याने उचललं. पुढे एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलंड या कीटकशास्त्रज्ञांच्या कल्पनेतून किरणांनी वांझ केलेले नर सोडून अमेरिकेने ही माशी हटवली. तिची साथ गेली, पण घोड्यांची ती विद्या मैदानात टिकून राहिली.

या विद्येत सर्वांत जास्त वेळ जातो तो उभं राहायला शिकवण्यात. क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा पाव मैलाच्या शर्यतीचा. धावणं त्याच्या रक्तातच असतं. स्पर्धेत वासराला ठरावीक आघाडी द्यावी लागते, घोडा आधी सुटला तर १० सेकंदांचा दंड. म्हणून जाणता शिक्षक वासरू सोडतो आणि घोड्याला जागेवरच उभं ठेवतो. पुन्हा सोडतो, पुन्हा उभं ठेवतो. हे न करता दर वेळी पाठलाग केला, तर वासराचं फाटक उघडण्याच्या नुसत्या आवाजाने घोडा थरथरू लागतो. मागे सरायचे धडे दोराला वासराऐवजी बांधलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर होतात. लगामाचा हलका दाब, घोड्याचं एक पाऊल मागे, आणि त्याच क्षणी दाब सैल. घोडा शिकतो तो त्या सैल होण्यातून. दाब एक क्षण जास्त राहिला तरी घोडा गोंधळतो. म्हणून या शिक्षणात खरी कसोटी शिकवणाऱ्याच्या बोटांची आहे, असं मला वाटतं.

एक पळवाटही आहे. लगामाला जोडलेली लांब दोरी कप्पीतून घेऊन स्वार कमरपट्ट्यात खोचतो. तो धावू लागला की ती उलगडते आणि लगामाला हिसके देत घोड्याला मागे सरायला लावते. आठवणीपुरती ती ठीक. पण जो घोडा तिच्यावाचून दोर सांभाळू शकत नाही, त्याचं शिक्षण मी अपुरंच म्हणेन.

वासराचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. सुमारे शंभर-सव्वाशे किलोचं ते जनावर पळता पळता गळ्याला हिसका बसून थांबतं. कुरणात त्यामागे जखमेचं कारण होतं, मैदानात आहे ते घड्याळ. या खेळावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. 'ब्रेकअवे' प्रकारात दोर खुंट्याला बारीक सुतळीने बांधतात; घोडा थांबताच सुतळी तुटते आणि वासरू दोरासकट पुढे निघून जातं. वासराचा त्रास कितीतरी कमी. पण तिथे स्वाराला उतरावं लागत नाही, घोड्याला दोर सांभाळावा लागत नाही. वासराऐवजी ओंडका आहेच, त्यावर पावलं गिरवता येतात. फक्त ओंडका उठत नाही, बाजूला झेपावत नाही. त्यामुळे घोड्याला त्यात स्वतः ठरवण्यासारखं फारसं काही उरत नाही.