संशयाचा फायदा कोणाला?

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे सेलू तालुक्यातील हिंगणीसारख्या गावी एखाद्या तरुणाचे नाव पोलीस ठाण्याच्या दप्तरी चढावयास फार काही घडावे लागत नाही. गोठ्यात सापडलेली बाटली किंवा धुऱ्यावरची हाणामारी पुरते. खटला रेंगाळतो, पंच फितूर होतात, तरुण सुटतो. पुढे तो पोलीस भरतीत निवडला जातो आणि साक्षांकन नमुन्यातील प्रश्न समोर येतो : आपणांस कधी अटक झाली होती काय?

येथे खोटे लिहू नये, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात हेच सांगितले. परंतु त्याच निकालाप्रमाणे, खरे सांगितले तरी नेमणूक दिलीच पाहिजे असे बंधन नोकरी देणाऱ्यावर नाही. त्यास पूर्ववृत्ताचा विचार करता येतो. तत्पूर्वी २०१३ साली मेहर सिंग प्रकरणात, तडजोडीनंतर सुटलेल्या उमेदवारास दिल्ली पोलिसांनी नाकारले, तेही योग्य ठरले. पोलिसाचे चारित्र्य निष्कलंक असावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

मात्र ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ सुटलेलाच माणूस हवा, असे म्हणताना आपण त्याच्याकडे नेमके काय मागतो? हा शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेस ठाऊकच नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली समुथिरम प्रकरणात नमूद केले आहे. फौजदारी न्यायाधीशापुढे प्रश्न एकच : गुन्हा शाबीत झाला की नाही? साक्षीदार आला नाही की ‘संशयाचा फायदा’ देऊन प्रकरण मिटते. मग निरपराध आणि धूर्त, दोघांच्याही पदरी तेच वाक्य पडते. निकालातील शब्द निवडणे आरोपीच्या हाती नसते. तरीही त्या शब्दांचे ओझे जन्मभर त्यानेच वाहावयाचे! स्कॉटलंडमध्ये ‘शाबीत नाही’ असा तिसरा निकाल शतकानुशतके होता. तेथील संसदेने २०२५ साली तो रद्द करण्याचा कायदा संमत केला. आपल्याकडे असा निकाल कायद्यात कधीच नव्हता. तो नोकरीच्या कचेरीत तयार होतो.

हा प्रश्न केवळ सरकारचा नाही. आपल्या शाळा-रुग्णालयांतही शिपाई, वाहनचालक नेमले जातात. जेथे लहान मुले आहेत तेथे अधिक काटेकोर राहिलेच पाहिजे, आणि लेकरांच्या बाबतीत कोणाचीही भीड नको. परंतु पोलिसांच्या पडताळणीत खटल्याची एक ओळ दिसताच अर्ज बाजूला सारणे म्हणजे काटेकोरपणा नव्हे. उमेदवाराकडून निकालपत्र मागून घ्यावे, ते पूर्ण वाचावे, आणि शंका उरलीच तर त्यालाच समोर बसवून विचारावे. निकालपत्राची नक्कल न्यायालयातून मिळते.