गोळी सुरू करण्याआधी

क्रोन्स हा आतड्याचा चिवट दाहविकार. पोट दुखत राहते, जुलाब थांबत नाहीत, आणि ऐन विशी-तिशीत शिक्षण, नोकरी, लग्न सगळेच लांबणीवर पडते. कोणाचा आजार पुढे बळावणार हे निदानाच्या वेळीच कळावे, म्हणून केंब्रिजच्या संशोधकांनी रक्तपेशींतील १७ जनुकांच्या सक्रियतेवरून अंदाज बांधणारी चाचणी तयार केली. ब्रिटनमधील नव्याने निदान झालेल्या ३८६ रुग्णांवर ती पारखली गेली. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: उपचार निवडायला चाचणीचा उपयोग झाला नाही. मात्र सुरुवातीपासून इन्फ्लिक्सिमॅब हे जैविक औषध मिळालेल्यांपैकी ७९ टक्के रुग्ण वर्षभर स्टेरॉइडची पुन्हा गरज न पडता आणि शस्त्रक्रियेविना बरे राहिले. पायरीपायरीने औषधे वाढवलेल्यांत हे प्रमाण अवघे १५ टक्के होते.

चाचणीमुळे उपचार बदलतो का आणि त्याने रुग्णाचे भले होते का, ही कसोटी आपल्याच चाचणीला लावणे सोपे नसते; या संशोधकांनी ती लावली. रेणूंच्या पातळीवरच्या प्रत्येक तपासणीला ती लावली पाहिजे.

आपल्याकडे मात्र सर्वांना पहिल्यापासून इन्फ्लिक्सिमॅब देणे कठीण. खर्च आहेच, शिवाय या औषधाने शरीरात दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, आणि क्षयाचे ओझे भारताइतके कोणत्याच देशावर नाही. त्यामुळे अनेक रुग्णांची भिस्त अझाथायोप्रिन या जुन्या, स्वस्त गोळीवर असते. ल्युपस या आजारातही ती दिली जाते. बहुतेकांना ती सोसते. काहींचे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच केस पुंजक्यांनी गळू लागतात, पाठोपाठ ताप येतो, आणि रक्त तपासावे तर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या असतात. अशा वेळी होणारा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत याचे कारण टीपीएमटी या जनुकातील दोषात सापडले होते. तो दोष आशियात कमी आढळतो, तरीही पांढऱ्या पेशी घटण्याचा त्रास इथे जास्त! हे कोडे २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी सोडवले. दोष एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकात होता. औषधाचे पेशीत तयार होणारे विषारी रूप निकामी करणारे विकर या जनुकामुळे बनते; तेच दुबळे असले की नेहमीचा डोसही अस्थिमज्जेला झेपत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल क्वचित दिसतो, भारतीयांत साधारण दहापैकी एकाकडे. म्हणजे केवळ युरोपीय रुग्णांवरून ठरवलेल्या चाचणीने आपल्याकडच्या कित्येकांना ‘धोका नाही’ असे सांगितले असते. परक्या लोकसंख्येच्या माहितीवर उभे राहिलेले वैयक्तिक उपचार आपल्यासाठी वैयक्तिक ठरत नाहीत, हे मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

एनयूडीटी१५ची तपासणी एकाच जनुकाची आणि आयुष्यात एकदाच करायची असते. तिच्या निकालावरून डोस कमी करता येतो, दोन्ही प्रतींत दोष असेल तर औषधच टाळता येते. आधी सांगितलेल्या कसोटीला ती उतरते. सरकारी रुग्णालयांत अझाथायोप्रिन लिहून देण्यापूर्वी ती मोफत झाली पाहिजे. तोवर ही गोळी सुरू करणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांना एनयूडीटी१५बद्दल जरूर विचारावे, आणि अहवाल चांगला आला तरी ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत.